शोभा कुठल्या विभागाची होती?

शोभाच्या आई, दादा, कॉलेजातल्या दोन्ही विभागांचे सर, आणि मागं दाराशी दाटीनं उभ्या असलेल्या मुलींनो. बोलायला उठले खरी, पण नुसतं रडायला नाही. मला राग आलाय.

शोभा गणित शिकवायची. मी प्राणिशास्त्र शिकवते. काचेच्या बशीत मी पेशी वाढवायचे. कोणत्या पेशी कुणाला रेटून जागा बळकावतात, हे ती समीकरणात मांडायची. मला कळेना तेव्हा तिनं त्यांच्या तिसगावच्या वावराचं उदाहरण सांगितलं. म्हणाली, "अगं, जालीम औषध मारलं की मऊ तण मरतं. चिवट तेवढं उरतं, आन मग रान त्यालाच मोकळं." कॅन्सरच्या गाठीतही असंच होतं का, औषध किती द्यावं, मधे कधी थांबवावं, हे ती शोधत होती.

या कामाला आपण काय दिलं? गणितवाले म्हणाले, पेशी आल्या, म्हणजे हे प्राणिशास्त्र. आमचे म्हणाले, समीकरणं आहेत, गणितात बसा. ना इथं टेबल, ना तिथं. शेवटी ती जिन्याखाली बसायची. येणारे-जाणारे विचारायचे, मॅडम, कुणाची वाट बघताय? तपासणीची कमिटी आली की मात्र ती दोन्ही विभागांना आपली वाटायची. आणि आज? आज सकाळी भांडण झालं, या शोकसभेच्या बॅनरवर कुठल्या विभागाचं नाव वर. आई, तुमच्यासमोर हे बोलायला नको होतं. पण लाज आम्हाला वाटायला हवी.

गेल्या आठवड्यात तिचं हृदय बंद पडलं. काम अर्धवट राहिलं. ते पुढं नेऊ शकणारी तिची विद्यार्थिनी, अश्विनी, इथंच बसलीय. आईबाप ऊसतोडीला गेलेत, ही पाथर्डीत राहून संशोधन करतेय. काल तिला गणितानं आमच्याकडे धाडलं, आमच्यांनी परत गणिताकडे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं शोभा गेली, आणि खोड आमची तशीच राहिली.

अश्विनी, बाळ, उभी राहा. सर, हिला आपल्या हाताखाली कोण घेणार? गोल बोलू नका, आपलं नाव घेऊन सांगा. मग आपण सगळे शोभासाठी शांत उभे राहू. तोवर मी माइक सोडणार नाही.