इडवलच्या पाच पेट्या

ग्वेन : इडवल, तुम्ही रायफलची गोळी निवडताय की सून?

इडवल : सुनेला इतके प्रश्न विचारता येत नाहीत. ती पन्नास ग्रेन वजनाची गोळी परत दाखव. हिचं टोक लाल का?

ग्वेन : टोक प्लास्टिकचं आहे. आत गेलं की मागे दाबलं जातं, गोळी फुलते आणि कोल्हा जागच्या जागी आडवा होतो. हे मी तुम्हाला अर्ध्या तासात तिसऱ्यांदा सांगतेय.

इडवल : आणि ही बिनटोकाची?

ग्वेन : तिच्यावर पुढूनसुद्धा तांब्याचं कवच आहे, ती फुलत नाही. कागदावर नेम धरायला ठीक. कोल्ह्यात मारलीत तर आरपार निघून जाईल आणि तो डोंगरापलीकडे जाऊन दोन दिवसांनी मरेल. कोल्ह्यासाठी म्हणाल तर ती मी विकत नाही.

इडवल : मी मागितलीय का? खाली ठेव ती. काउंटरखाली ठेव.

ग्वेन : ठेवली.

इडवल : बाजारात तो ग्विलिम सांगत होता, त्याची सशाची रायफल कोल्ह्यालाही पुरते म्हणून. दोनशे पावलांवरून, म्हणे.

ग्वेन : ग्विलिमचा एक पाय आखूड आहे. त्याची दोनशे पावलं म्हणजे माझ्या दारापासून त्या खिडकीपर्यंत. सशाची गोळी सशाला. तुमच्याकडे चांगली रायफल आहे, तिची गोळी घ्या आणि जा.

इडवल : पण पन्नास ग्रेनची वाऱ्यात सरकेल. आमच्या डोंगरावर वारा कसा असतो ते तुला ठाऊक आहे.

ग्वेन : मग पंचावन्नची घ्या. ती कमी सरकते.

इडवल : तिचा वेग कमी.

ग्वेन : कोल्ह्याला फरक कळणार नाही.

इडवल : तोच तर मुद्दा आहे, पोरी. त्याला काहीच कळता कामा नये.

ग्वेन : या मैर, या. तुमचा भाऊ इथंच आहे. आणि पिशवीतून कोण बघतंय?

मैर : कोकरू. ह्याची आई गेली. दर दोन तासांनी बाटली द्यावी लागते, आणि घरी कुणाच्या भरवशावर ठेवू? आमचे बंधू इथं गोळ्यांची तोंडी परीक्षा घेतायत. ग्वेन, तुझ्यासाठी मनुकांचा केक, आपला बारा ब्रिथ, केला होता, पण ते त्यावरच बसलंय. खालचा अर्धा चांगला असेल.

इडवल : मैर, तू गाडीतच थांबणार होतीस.

मैर : तू दहा मिनिटांत येणार होतास. ग्वेन, आज पहाटे पाचवं कोकरू गेलं. पाचवं. पाद्रीनं नेलं.

ग्वेन : पाद्रीनं?

मैर : त्या कोल्ह्याचं नाव. गळ्याखाली असा पांढरा पट्टा आहे, चॅपेलमध्ये उभा केला तर कुणी हटकणार नाही. कुरणाच्या भिंतीवर बसतो आणि आमच्याकडे असं बघतो, जणू मागच्या रविवारी आम्ही प्रार्थनेला गेलो नाही हे त्याला ठाऊक आहे.

ग्वेन : नर आहे ना पण? या दिवसांत मादीची पिल्लं बिळात असतात.

मैर : नर आहे. ह्यानंच दुर्बिणीतून तीन आठवडे बघून खात्री केली. दोन वर्षांपूर्वी मादी निघाली म्हणून मारली नाही, ते बरोबर केलं. गेल्या वर्षी म्हणाला ऊन डोळ्यावर आलं. त्याआधी म्हणाला गोळी योग्य नव्हती. मी आता सांगून ठेवलंय. मंगळवारपर्यंत ह्यानं काही केलं नाही, तर बेवन बंधूंना बोलावते.

ग्वेन : बेवन बंधूंना बोलावू नका.

मैर : ते फुकट येतात.

ग्वेन : गेल्या हिवाळ्यात त्यांनी मिसेस पॅरीच्या ट्रॅक्टरचा दिवा फोडला. कोल्ह्याचा चमकणारा डोळा दिसला म्हणाले. ट्रॅक्टर सुरू होता आणि मिसेस पॅरी वर बसलेल्या होत्या.

इडवल : त्यांनी एका कोल्ह्याचा पायही मोडला होता. तो तसाच पळाला. नंतर शोधायलासुद्धा गेले नाहीत. बेवन येणार नाहीत, मैर.

मैर : मग तू मार.

इडवल : मारतो ना. त्यासाठीच तर आलोय. ग्वेन, ती लाल टोकाचीच दे. एक पेटी. नाही, थांब. हो, दे.

ग्वेन : देवाची कृपा. परवाना द्या, त्यावर नोंद करते.

इडवल : मैरच्या पिशवीत आहे.

मैर : आहे. बहुतेक आहे. अरे सोड. सोड म्हणते ना. हा घे, ग्वेन. थोडा ओला आहे.

ग्वेन : ह्याचा कोपरा कुठं गेला?

मैर : आत्ता होता.

ग्वेन : मैर, हा पोलिसांनी दिलेला परवाना आहे.

मैर : त्याला वाचता येत नाही.

इडवल : फोटो खाल्ला का?

ग्वेन : फोटोचा एक कान गेलाय. बाकी ओळखू येताय. थांबा, मागची पानं बघू दे. वीस गोळ्यांची एक पेटी, पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये. माझ्या बाबांची सही. मग पुढच्या एप्रिलला एक. मग एक. इथून माझ्या सह्या. इडवल, दर एप्रिलला एक पेटी. पाच झाल्या.

इडवल : असतील.

ग्वेन : तुम्हाला घरात जास्तीत जास्त शंभर गोळ्या ठेवता येतात. इथं छापलंय. त्यातल्या उडवल्या किती?

इडवल : मोजायला लागतील.

मैर : मी मोजल्यात. कपाटात पाच पेट्या आहेत. एकीचंही झाकण उघडलेलं नाही. मला वाटलं, तिथं ठेवायच्याच असतात.

ग्वेन : एकही नाही? कागदावरसुद्धा नाही? अहो, दर वेळी वेगळी गोळी नेता, रायफल त्या गोळीशी जुळवून घ्यायला नको? चार-पाच कागदावर मारल्याशिवाय ती कुठं लागते हे तुम्हाला कळणार कसं?

इडवल : आकडे वाचलेत मी. वेग, वजन, वाऱ्यात किती सरकते. सगळं पाठ आहे.

ग्वेन : शंभर गोळ्या पाठ केल्यात तुम्ही. एकशे एकावी मी देऊ शकत नाही. कायद्यानं बंदी आहे. दिली तर माझं दुकान जाईल आणि तुमची रायफल.

मैर : म्हणजे पाच वर्षं मी त्या दारात उभी राहून आवाजाची वाट बघायचे, आणि हा तिथं नुसता पडून असायचा?

इडवल : पडून नव्हतो. नेम धरून होतो.

मैर : मग बोट का नाही हललं?

इडवल : तुला आठवतं का, मी नऊ वर्षांचा होतो. बाबांनी एक कोल्हा मारला. पोटात लागली त्याच्या. तो गोठ्याच्या फळ्यांखाली शिरला, आणि तिथून कुणाला काढता येईना.

मैर : आठवतं.

इडवल : तीन दिवस. आपण जेवायला बसलो की तो आवाज. मी विचारलं तर बाबा म्हणाले, वारा आहे. जेव.

मैर : वारा नव्हता.

इडवल : नव्हता ना?

मैर : मी उशी घ्यायचे डोक्यावर. मला वाटायचं, तुला झोप लागलेली असते.

इडवल : नाही.

मैर : हे मला पाच वर्षांत एकदा सांगायचंस, गाढवा.

ग्वेन : बारा ब्रिथ घ्या थोडा. वरचा भाग मी काढलाय. इडवल, नीट ऐका. कोल्हा तडफडू नये असं वाटत असेल, तर कुठली पेटी घेतली ह्याला फार अर्थ नाही. ह्या सगळ्या फुलणाऱ्या गोळ्या चांगल्याच आहेत. आपली कुठं लागते हे ठाऊक असण्याला अर्थ आहे. शनिवारी सकाळी आमच्या पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत या. माझे बाबा तिथंच रायफली तपासायचे. कागदावर बशी ठेवून गोल काढू आणि तो शंभर पावलांवर लावू. पाच गोळ्या ओळीनं बशीच्या गोलात बसल्या, की तुम्ही तयार.

इडवल : बशी केवढी?

ग्वेन : चहाची.

इडवल : मैरच्या बशा मोठ्या आहेत.

ग्वेन : माझी बशी आणते. आणि शंभर पावलांपलीकडून मारायचं नाही. तो उभा असेल तरच. मागे डोंगर असेल तरच, म्हणजे चुकली तरी गोळी मातीत जाईल.

इडवल : पाचांपैकी कुठली पेटी आणू?

ग्वेन : पहिली. ती कुठली आहे ते दुकानाच्या वहीत बघते. पन्नास ग्रेन, लाल टोक.

मैर : म्हणजे हीच?

ग्वेन : हीच. माझ्या बाबांनी पाच वर्षांपूर्वी हीच दिली होती.

इडवल : ते शहाणे होते.

(मंगळवारी सकाळी, तेच दुकान.)

ग्वेन : या. आज कुठली दाखवू?

इडवल : काही नको. तू शनिवारी लवकर निघून गेलीस म्हणून हा कागद आणलाय. कोकरानं खालचा कोपरा खाल्लाय, पण भोकं सगळी आहेत.

ग्वेन : एकोणीस. सतरा बशीत आहेत. मी निघाले तेव्हा बशीत पाचच होत्या, आणि मी म्हटलं होतं पुरे. ह्या दोन बाहेरच्या?

इडवल : पहिल्या दोन. डोळे मिटले होते मी.

ग्वेन : ते मी पाहिलं होतं. बोलले नाही. पण पेटीत वीस होत्या.

इडवल : विसावी काल पहाटे. भिंतीवर बसला होता, पण मागे नुसतं आभाळ होतं. म्हणून उतरू दिला. कुरणात आला, ऐंशी पावलांवर उभा राहिला, मागे चढ. मैर दारात होती, दोन्ही कानांवर हात ठेवून.

ग्वेन : मग?

इडवल : मग तो जागच्या जागी आडवा झाला. मैरनं हात काढले. आम्ही दोघं बराच वेळ तिथंच ऐकत उभे राहिलो. वारासुद्धा नव्हता.