वरून बरी झालेली जखम

जन्म माहा कामरगावचा, शिकली इथंच, अन् मंग इथल्याच शाळेच्या वाचनालयात जन्मभर कारकून म्हणून बसली, त्याच्यानं वाचणं जास्त अन् बोलणं कमी अशी माही सवय. आमी बौद्ध. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे. काय सांगू तुमाले, वेचणाऱ्या बाईची सारी ताकद कंबरेत. परकराची नाडी करकचून बांधायची, पदराचा झोळीवानी ओटा करून तिथंच खोचायचा, ओटा कापसानं भरत जाते अन् भार सारा त्या नाडीवर, पन्नास वर्षं एकाच जागी. तिथं काळा पट्टा पडते. आमच्याकडं बायांले पडतेच, त्याले कोणी रोग म्हणत नाही.

मायच्या पट्ट्यावर चट्टा आला, चिघळला, तरी ती वर फडकं ठेवून नाडी बांधे. माय, सैल बांध वं, म्हटलं तर म्हणे, सैल बांधून काय वावरात परकर सोडू?

नागपूरले तुकडा तपासला, कातडीचा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बसवून समजावलं. एक उपाय उजेडाचा आहे, म्हणल्या. जखमेवर औषध लावायचं, काही तास थांबायचं, मंग ठरावीक लाल उजेड पाडायचा, रोगट पेशी मरतात, कापणं नाही, वणही कमी. पण तो कातडीच्या वरवरच्या, पातळ रोगाले. यांचा आत उतरला. हा कापून काढू, काढलेल्या मासाच्या कडा तपासू, कडेले रोग दिसला तर आणखी काढू. मले पटलं.

माहा मोठा भाऊ विलास, त्या दादाले नाही पटलं. जग कुठं गेलं अन् हे अजून सुरीच घेऊन बसले, म्हणे. मायले म्हणे, कापलं तर तुले नाडी बांधता येणार नाही. तिथंच माय फिरली. मी म्हटलं, दादा, तो उपाय या रोगाचा नाही. तर म्हणे, तू पुस्तकाची धूळ झटक, दवाखान्याचं मी पाहतो.

दुसऱ्या शहरात उजेड देणारा एक डॉक्टर त्यानं शोधला, नागपूरचा कागद त्याले दाखवलाच नाही. तीनदा नेलं. माय म्हणे, मिरच्या चोळल्यावानी जळते वं. पुढं वर गुलाबी कातडी धरली. दादानं गल्लीत पेढे वाटले, मले दोन दिले, अन् मीही खाल्ले. मायनं त्याच दिवशी नाडी करकचून बांधली. आत रोग वाढून राह्यला होता. तुरी सोंगायच्या दिवसात जांघेत गाठ आली. पुन्हा नागपूर. डॉक्टरीणबाई इतकंच म्हणल्या, तेव्हा काहून नाही आले? तोवर फुप्फुसात गेलं होतं. उन्हाळ्यात माय गेली.

मायच्या मागं वंदना घ्यायले, पुण्यानुमोदनाले सारे जमले, अन् दादा उभा राहून बोलला, तिच्या नशिबातच होतं. मी कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, उठली. म्हटलं, बुद्धाच्या मूर्तीपुढं नशीब सांगतं? उजेड वाईट नव्हता, सुरीही वाईट नव्हती. कोणत्या रोगाले कोणतं, हे सांगणारं माणूस समोर बसलं होतं, तू त्याचा कागद लपवला. वहिनी म्हणे, मयताच्या घरी असं बोलतेत काय वं सुनंदाबाई? म्हटलं, मयत कोणामुळं झालं ते तर बोलू द्या.

मंग तो दोनदा आला. ओसरीत बसून राह्यला. मी चहा ठेवला नाही, पुस्तकातून मान वर केली नाही. भंतेजी म्हणतात, सुनंदा, मैत्री चिंत. चिंतते ना. रोज सकाळी वंदना झाल्यावर साऱ्या जिवांचं भलं होवो म्हणते, त्यात तोही येते, त्याले मी वेगळा काढत नाही. त्याचं भलं होवो. पण माह्या दारापासून दूर होवो.