उत्तरेश्वरचा ब्राउझर

(मंगळवार, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. आष्टीत उत्तरेश्वरचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. समोर बारावी झालेली संस्कृती आणि तिची आई साखराबाई. अंबाजोगाईच्या एका नर्सिंग कॉलेजचा प्रवेश अर्ज पाच वाजता बंद होणार. दुकानातल्या संगणकावर तो उघडत नाही.)

उत्तरेश्वर : साइटच बोगस हाय. उद्या या.

संस्कृती : उद्या फॉर्म नाही, काका. आज पाचला बंद होतोय.

उत्तरेश्वर : मग मी काय करू?

संस्कृती : समोर लिहिलंय ते वाचा. ‘तुमचा ब्राउझर जुना आहे. दुसरा वापरा.’

साखराबाई : म्हंजी काय जुनं झालं?

संस्कृती : ज्याच्यातून साइट बघतो ना आई, ते. नवं फुकट मिळतं.

उत्तरेश्वर : फुकटचं आपण दुकानात घेत न्हाई. सात वर्षं झाली, हाच चालवतोय. निम्म्या तालुक्याचे फॉर्म ह्याच्यातून गेलेत.

संस्कृती : हा कितीला घेतला होता?

उत्तरेश्वर : हा मशीनमधी होताच.

संस्कृती : म्हणजे फुकट.

उत्तरेश्वर : बाई, पोरगी लई बोलती तुमची.

साखराबाई : ब्याऐंशी टक्के हायत तिला. जरा ऐका तिचं, भाऊ.

उत्तरेश्वर : टक्क्यांनी मशीन चालत न्हाई. बरं, घेतो नवा. हे बघ, पहिलंच आलं. हिरवं बटण, ‘लगेच डाउनलोड करा’.

संस्कृती : थांबा. ती जाहिरात आहे. मागं असंच काहीतरी दाबलं असणार तुम्ही, म्हणून वर रमीचे पत्ते नाचतायत.

उत्तरेश्वर : नाचू दे. गिऱ्हाइकाला बसल्या बसल्या करमतं.

संस्कृती : ज्यांनी बनवला त्यांच्याच पानावरून घ्यायचा असतो. सरका जरा. हा तुमच्या मशीनवर बसत नाही म्हणतोय. हाही नाही. हा बसेल, कोल्ह्याच्या चित्राचा.

साखराबाई : कोल्हा कावून गं? जल्म मेंढरामागं गेला आमचा. कोल्हा काय चांगला न्हाई.

संस्कृती : नुसतं चित्र आहे, आई.

उत्तरेश्वर : जागा न्हाई म्हणतंय मशीन. आधी जुना काढावा लागंल.

संस्कृती : काढायच्या आधी माझा पासवर्ड लिहून द्या. कॉलेजच्या साइटवर माझं खातं तुम्हीच उघडलं होतं ना, त्याचा. तो जुन्यातच साठवलाय तुम्ही.

उत्तरेश्वर : तू मला शिकवतीस? चारशे गिऱ्हाइकांचे पासवर्ड हायत त्याच्यात. कुठं पळून जात न्हाईत.

संस्कृती : दहा दिवसांपूर्वी मागितला होता मी. तेव्हाच दिला असता तर मोबाइलवरून फॉर्म भरून मोकळी झाले असते.

उत्तरेश्वर : पासवर्ड गिऱ्हाइकाच्या हातात देत न्हाई आपण. हरवतेत लोक. हां, काढू का विचारतंय. काढ बाबा.

संस्कृती : खाली चौकोन आहे, त्यात खूण करू नका. आधी वाचा.

उत्तरेश्वर : वाचलं की. ‘साठवलेली माहितीही पुसा.’ कचरा कशाला ठेवायचा? गेला. झाली जागा.

साखराबाई : चार वाजून पाच झाले, भाऊ.

उत्तरेश्वर : बसतोय ना तुमचा कोल्हा. घ्या, उघडली साइट. उगं घाई लावली होती.

संस्कृती : पासवर्ड मागतेय.

उत्तरेश्वर : तो आपोआप येतो.

संस्कृती : यायचा. जुन्यात. आता पुसलात तो. चारशेच्या चारशे पुसलेत.

उत्तरेश्वर : हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक हाय.

संस्कृती : हळूच बोलतेय. आठवतोय का माझा?

उत्तरेश्वर : मशीननंच बनवला होता तो. एवढा लांबडा कुणाला आठवंल?

साखराबाई : कोल्हा एका टायमाला एकच कोकरू नेतो, भाऊ.

संस्कृती : ‘पासवर्ड विसरला’ दाबलंय. मोबाइलवर ओटीपी येईल. शेवटचे आकडे एक्केचाळीस. हा नंबर कुणाचा? आमचा नाही.

उत्तरेश्वर : माझं दुसरं सिम हाय. सगळ्या फॉर्मला तेच टाकतो.

संस्कृती : का?

उत्तरेश्वर : तुमचा नंबर टाकला की पुढच्या खेपेला तुमी शेजारच्या दुकानात जाता.

साखराबाई : मग काढा की सिम.

उत्तरेश्वर : मेव्हण्याकडं असतं, म्हाळूकडं. ओटीपी आला की तो मला फोन करून सांगतो.

साखराबाई : म्हाळू सकाळीच मेंढरं घिऊन डोंगराला गेला. वाटंत भेटलता मला.

उत्तरेश्वर : लागत न्हाई. संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हणतंय.

संस्कृती : नवीन खातं काढून बघितलं. माझा आधार नंबर आधीच वापरलाय म्हणते.

साखराबाई : उठा.

उत्तरेश्वर : काय?

साखराबाई : खुर्चीवरून उठा. तिला बसू द्या. तुमी भाईर रस्त्यावर उभं राहून फोन लावा. तेवढं तरी येत आसंल.

उत्तरेश्वर : बाई, मी मालक हाय दुकानाचा.

साखराबाई : दिसलं ते.

संस्कृती : आई, मार्कशीट काढून ठेवलीय. ओटीपी आला की दहा मिनिटांचं काम.

साखराबाई : वाजले किती?

संस्कृती : चार सदतीस.

साखराबाई : भाईर काय चाललंय तुमचं? लागला का?

उत्तरेश्वर : रिंग जातीय.

साखराबाई : उचलला?

उत्तरेश्वर : रिंग जातीय.