शेवटचं रीळ

तुम्ही सांगता ना, साहेबासमोर तोंड उघडू नये, नोकरी जाते? मग ऐका. इथं मस्कतमधल्या कुरुमला मी ज्या इंग्रज म्हाताऱ्याकडे स्वयंपाक करते, त्याची लंडनला थिएटरांना सिनेमे पुरवायची छोटी कंपनी होती. आता तो तिचा इतिहास लिहितोय. परवा जेवताना पाहुण्यांना सांगत होता, “मस्कतच्या एका ऑपरेटरनं आमच्या सिनेमाचं शेवटचं रीळ दाखवलंच नाही. आळशी माणूस, लवकर घरी पळाला. पुस्तकात घातलंय मी.”

सगळे हसले. मी माशाची थाळी टेबलावर जरा आपटूनच ठेवली.

“तो ऑपरेटर माझा नवरा.”

“शबाना, नंतर बोलू.”

“नंतर नाही. पुस्तक छापलं की खलास. शेवटच्या डब्यात दुसऱ्याच सिनेमाचं रीळ निघालं. लंडनहूनच तसं आलेलं. लोक खुर्च्या बडवायला लागले, तेव्हा हा पडद्यापुढे उभा राहिला आणि स्वतःच्या मनानं शेवट रचून सांगितला. लोक टाळ्या वाजवत घरी गेले.”

साहेबानं काटा-चमचा खाली ठेवला. “काय शेवट सांगितला?”

“आधी ‘आळशी’ खोडा. तिथं नाव लिहा, इब्राहिम. मग सांगते.”

पाहुणे आपापल्या ताटात बघत बसले. साहेब उठला, कागद आणला, खोडलं, लिहिलं. चौथीच शिकलेय मी, पण नवऱ्याचं नाव इंग्रजीतही ओळखते. ते वाचलं, मगच शेवट सांगितला.

साहेब म्हणाला, “आमच्या शेवटापेक्षा हाच चांगला आहे.”

म्हटलं, “मग तेही लिहा.”