पहिल्या मानाचं वस्त्र

पेच्चियम्मा : जपून, अय्या! पाय सांडग्यांवर पडेल.

दैवसिगामणी : सांडगे राहू देत, पेच्ची. काल दुपारपासून देव भर रस्त्यात बसलाय. रथ दक्षिणवाटेच्या कोपऱ्यावर वळतच नाही.

पेच्चियम्मा : तिरुच्चीहून आणलेल्या लोखंडी पाचरी आहेत ना?

दैवसिगामणी : चाकाखाली ठोकली की सटकते. एक तर थेट नारळपाणीवाल्याच्या गाड्यात घुसली.

पेच्चियम्मा : तहान लागली असेल.

दैवसिगामणी : चेष्टा नको.

पेच्चियम्मा : लोखंड दबत नाही, अय्या. ओलं चिंचेचं लाकूड चाकाच्या वजनाने दबतं, आणि दबतं म्हणूनच धरतं. अप्पा हे सांगत होते तेव्हा देवळाचे विश्वस्त नव्या पाचरींबरोबर फोटो काढून घेत होते.

दैवसिगामणी : झालं ते झालं. तुझ्या अप्पाच्या पाचरी दे. माझी माणसं ठोकतील.

पेच्चियम्मा : तिरपी किती धरायची? काढायची कधी? जरा उशीर झाला तर रथ समोरच्या घरात शिरेल. समोरचं घर तुमचंच, नाही का?

दैवसिगामणी : तुला येतं?

पेच्चियम्मा : शेवटची सहा वर्षं अप्पांना दिसत कुठे होतं! घाव कुठे घालायचा ते गर्दीत लांब उभी राहून मीच सांगायचे.

दैवसिगामणी : पण बाईने रथाच्या चाकाशी जायचं नाही. परंपरा आहे.

पेच्चियम्मा : मग परंपरेलाच बोलवा ठोकायला.

दैवसिगामणी : अगं, परवा कुंभकोणमला माझ्या मुलीचं लग्न! रथ ठाण्यावर परतेपर्यंत गावाची वेस कुणी ओलांडायची नाही. नवरी इथे, मांडव तिथे!

पेच्चियम्मा : तीही परंपराच.

दैवसिगामणी : ... बरं. तूच ये. तूच ठोक.

पेच्चियम्मा : आणि हे मानाचं वस्त्र? कालपासून डोक्यावरच आहे?

दैवसिगामणी : रथ ठाण्यावर लागेपर्यंत उतरवायचं नसतं.

पेच्चियम्मा : गेल्या वर्षी रथ लागला तेव्हा अप्पांनी डोकं पुढे केलं होतं. चाळीस वर्षं चाकाखाली हात घातला, एकदा तरी बांधाल म्हणून.

दैवसिगामणी : ते पहिल्या मानकऱ्याचं असतं, पेच्ची.

पेच्चियम्मा : हो. तुम्ही म्हणालात, ‘सुताराच्या डोक्याला चुंबळ पुरे.’ सगळे हसले. अप्पाही हसले. पोंगलच्या आधी गेले.

दैवसिगामणी : (डोक्यावरच्या रेशमी वस्त्राची गाठ सोडू लागतो) घे. तुला बांधतो. चारचौघांत बांधतो, मग तर झालं?

पेच्चियम्मा : छे, छे, सोडू नका. उतरवायचं नसतं, आत्ताच म्हणालात ना? घट्ट आहे?

दैवसिगामणी : आहे.

पेच्चियम्मा : मग वाका जरा. ही मोठी पाचर. रात्रभर पाण्यात होती, जड झालीय. मोगरी मी घेते.

दैवसिगामणी : मी? डोक्यावर? भर रथवाटेने? सगळं गाव उभं आहे तिथे!

पेच्चियम्मा : असू दे की. चुंबळ छान बसलीय, अय्या. चला.