पेशींचा निकाल

चहा घ्या, पण आधी ऐका; माझा असा पराभव नोकरीतही कधी झाला नव्हता.

गेल्या वर्षी माझी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. त्याच महिन्यात, त्याच रुग्णालयात सर्वण गावच्या शालिनीचीही झाली. डिचोलीच्या शाळेत ही शालिनी माझ्या शेजारच्या वर्गाला शिकवत असे. आमची जुनी विद्यार्थिनी अनघा प्रयोगशाळेत मानवी चरबीच्या पेशी वाढवून मधुमेहाचा अभ्यास करते. आमच्या पोटातून काढलेली, एरवी टाकून द्यायची चरबी तिने मागितली आणि आम्ही दोघींनी संमतिपत्रावर सही केली.

चतुर्थीला अनघा माझ्याकडे आली, तेव्हा शालिनीही बसलेली होती. अनघाने मोबाईलवर छायाचित्र दाखवले. त्यात टपोरे, चमकणारे थेंब होते.

"शालिनीबाई, या तुमच्या पेशी. किती सुंदर वाढल्यात!"

"आणि माझ्या?" मी विचारले.

अनघाने नेवरीचा, म्हणजे आमच्याकडच्या करंजीचा, तुकडा तोंडात ठेवला. "बाई, तुमच्या जगल्या नाहीत."

शालिनी खुलली. "अगे, जन्मभर सगळ्यांना धाक दाखवलास, पेशीसुद्धा भियेल्या असतील!"

मी हसले, पण आतून जळत होते. माझ्या वर्गाचा निकाल तिच्या मागे कधीही पडला नव्हता आणि इथे तिची चरबी पहिली आली होती!

"आणखी एक संधी देता येणार नाही?"

"येईल, बाई. पण चरबी पुन्हा काढावी लागेल. म्हणजे पोट पुन्हा उघडावे लागेल."

शालिनी अजून ते छायाचित्रच न्याहाळत होती.

मी अनघाला विचारले, "कधी येऊ?"