बाहेरून कडी

(के. आर. पुरममधलं घर. भर दुपार. बाळंतिणीच्या खोलीला बाहेरून कडी. दाराशी शारदाबाई आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू प्रतिमा. रक्षिता आत.)

प्रतिमा : हात दाखवा, अक्का. खोल कापलाय हा. टाके पडतील.

शारदाबाई : राहू दे गं. तू हॉस्पिटलात नर्स असशील. इथं बाळंतीण माझी आहे.

प्रतिमा : ओरडणं वरपर्यंत ऐकू आलं. कुणी मारलं?

शारदाबाई : रक्षितानं. पोटच्या पोरीनं. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलीय, लेकराला पाजत नाही. दोन थोबाडीत दिल्या, तर उशाखालची सुरी घेऊन अंगावर आली.

प्रतिमा : उशाखाली सुरी?

शारदाबाई : बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतातच आमच्यात. बाहेरचं काही जवळ येऊ नये म्हणून.

प्रतिमा : आता कुठाय ती?

शारदाबाई : आत.

प्रतिमा : आणि बाळ?

शारदाबाई : आतच. मी जीव घेऊन पळाले नि कडी घातली. संध्याकाळी विश्वेश्वरमामा अंगारा घेऊन येतायत, बाहेरचं उतरवायला.

रक्षिता : आई, दार उघड. ह्याला घेऊन जा.

शारदाबाई : ऐकलंस? हा आवाज तिचा वाटतो तुला?

रक्षिता : ने गं ह्याला. मी आपटीन. सकाळी पाय धरून भिंतीपर्यंत नेलं होतं.

शारदाबाई : अय्यो देवा. अठरा वर्षांची पोर असं बोलेल का? तू सरक प्रतिमा. बारशाआधी बाहेरच्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

प्रतिमा : नऊ वर्षं मॅटर्निटी वॉर्डात काढलीत मी. हे भूतबित नाही, बाळंतपणानंतरचा आजार आहे. ट्रीटमेंट आहे त्यावर. ती काय म्हणतेय ते ऐका ना. आपल्या हातून मरेल म्हणून घेऊन जा म्हणतेय. वाचवतेय ती त्याला.

रक्षिता : ताई, पाच दिवस झोप नाही. डोळा मिटला की ह्याचं रक्त दिसतं.

प्रतिमा : बाळ कुठाय, रक्षिता?

रक्षिता : पाळण्यात. मी लांब बसलेय, कोपऱ्यात.

प्रतिमा : बरं केलंस. सुरी दाराखालून सरकव. मग आम्ही आत येतो.

रक्षिता : आई मारेल.

शारदाबाई : नाही मारणार.

रक्षिता : न सांगता लग्न करून आले तेव्हाही हेच म्हणालीस. दार उघडलं नि लाटण्यानं मारलंस.

शारदाबाई : हो, मारलं. हे पोटात होतं तेव्हाही मारलं. तुझा नवरा त्रिविक्रम सोडून गेला, तर त्याचा रागही तुझ्यावरच काढला. चुकलं गं माझं. फार चुकलं.

प्रतिमा : आली सुरी. पायाखाली धरलीय मी. कडी काढा, अक्का.

शारदाबाई : पण बारशाआधी...

प्रतिमा : अक्का.

शारदाबाई : सरी, बरं. काढते.

रक्षिता : माझ्याजवळ येऊ नकोस. आधी त्याला उचल.

शारदाबाई : उचललं. हे बघ, धड आहे गं. स्वल्प भूक लागलीय, एवढंच.

प्रतिमा : मी गाडी बोलावते. सगळेच हॉस्पिटलात जाऊ.

रक्षिता : मी नाही. तुम्ही त्याला न्या. आणि जाताना कडी घाल, आई.

शारदाबाई : प्रतिमा, आत ये. बाळ तू धर. मला माझी पोर उचलायचीय.